पूल टेबलवर मन जागेवर कसं ठेवाल?

तुमचे सातही बॉल पॉकेटमध्ये गेलेत. टेबलवर उरलाय फक्त काळा, आठ नंबरचा. तोही पॉकेटपासून वीतभर अंतरावर, अगदी सरळ रेषेत. मागे उभा असलेला चुलतभाऊ म्हणतो, ‘‘हा तर लहान मूलही मारेल.’’ तुम्ही वाकता, क्यू चालवता आणि बॉल पॉकेटच्या कडेला आपटून परत येतो.

कॅरममध्ये क्वीन घेऊन कव्हर चुकवलेल्या प्रत्येकाला ही अवस्था माहीत आहे. दहा मिनिटांपूर्वी याहून कठीण बॉल याच हाताने गेला होता. मग हाच का चुकला? कारण तुम्ही टेबलवर नव्हताच. मनाने केव्हाच जिंकून टाळ्या घेत होता.

याच्या अगदी उलट अवस्थेला मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी ‘फ्लो’ म्हटलं. त्यांचं याच नावाचं पुस्तक 1990 मध्ये आलं. माणूस कामात इतका बुडतो की वेळेचं भान राहत नाही. त्यासाठी काय करायचं ते स्पष्ट हवं, परिणाम लगेच दिसायला हवा आणि आव्हान आपल्या कुवतीला ताण देणारं, तरी आवाक्यातलं हवं. पहिल्या दोन गोष्टी पूलमध्ये आयत्याच मिळतात. तिसरीसाठी आपल्यापेक्षा थोडा सरस खेळणारा जोडीदार शोधा. रोज धाकट्या भावाला हरवून मन एकाग्र होत नाही.

उभं राहून ठरवा, वाकून फक्त मारा

सगळ्यात उपयोगी सवय हीच आहे. कोणता बॉल, कोणतं पॉकेट, किती जोर आणि पांढरा बॉल नंतर कुठे थांबायला हवा, हे सगळं उभं असतानाच ठरवा. क्यूच्या टोकाला चॉक लावतानाचे ते चार सेकंद यासाठीच वापरा. एकदा टेबलवर वाकलात की विचार बंद. वाकल्यावर ‘थोडं डावीकडे मारू का?’ असं वाटलं तर मारू नका. सरळ उभे राहा आणि पुन्हा सुरुवात करा. मित्र हसतील, हसू द्या. बहुतेक चुकलेले शॉट याच अर्धवट शंकेतून जातात.

नजरेचंही तसंच आहे. कॅनडाच्या संशोधक जोन विकर्स यांनी मांडलेली ‘क्वाएट आय’ ही कल्पना सांगते, की नेम धरण्याच्या खेळांत निष्णात खेळाडूंची शेवटची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ एका जागी स्थिर राहते. बिलियर्ड्सच्या खेळाडूंवरही हे तपासलं गेलं आहे. म्हणून मारण्याआधी नजर बॉल, पॉकेट, क्यू अशी भिरभिरू देऊ नका.

ताण आला की पहिल्यांदा मूठ आवळली जाते, क्यू वाकडा जातो. लांब श्वास सोडा आणि क्यू हलक्या हाताने धरा. पण ऐन शॉटमध्ये ‘माझं कोपर बरोबर आहे ना?’ असं तपासत बसू नका. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार केला तर पाय अडखळतो, तसंच होतं. कोपराची काळजी सरावात घ्या.

खुर्चीवरची वेळ

समोरचा खेळत असताना तुम्ही नुसते बसून असता आणि लक्ष तिथेच उडतं. फोन हातात येतो, एक रील, दोन मेसेज आणि उठता तेव्हा डोकं भलतीकडेच असतं. फोन बॅगेत ठेवा, बॉल कसे सरकताहेत ते बघत राहा.

मुलींसाठी एक अडचण वेगळीच. मी पहिल्यांदा पूल पार्लरमध्ये गेले तेव्हा शेजारच्या दोन टेबलांवरचा खेळ थांबला होता. एकाने न विचारता क्यू कसा धरायचा ते शिकवायला सुरुवात केली. ‘धन्यवाद, मला विचारायचं असेल तेव्हा विचारेन,’ एवढं म्हणायला मला तीन रविवार लागले. तोपर्यंत माझं अर्धं लक्ष पाठीमागेच असायचं.

दिग्गजांचं काय? स्ट्रेट पूलमध्ये विली मॉस्कोनी यांनी 1954 मध्ये एकही न चुकता सलग 526 बॉल पॉकेटमध्ये टाकले होते. हा आकडा मागे टाकायला 2019 उजाडावं लागलं. अमेरिकेच्या जॉन श्मिट यांनी 626 केले, तेही कित्येक महिने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून.

तुम्ही दहापासून सुरुवात करा. एकच सोपा बॉल एकाच जागी ठेवा आणि सलग दहा वेळा मारा. चुकला की पुन्हा एकपासून. आठव्या-नवव्याला मनात काय आलं, ते तेवढं लक्षात ठेवा. माझी गाडी सध्या सातवर अडली आहे.