बागेत शिरेल तोच ट्रॅक्टर

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, तर शोरूमआधी टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींत 9-10 फूट अंतर असलं, तरी बोद आणि झुकलेल्या काड्या त्यातली बरीच जागा खातात. रुंदी मोजायची ती मागे रोटाव्हेटर किंवा फवारणीचा ब्लोअर धरून आणि उंची सायलेन्सरच्या टोकापर्यंत. मांडवाच्या तारेत आधी तोच अडकतो.

जाहिरातीतला एचपी असतो इंजिनाचा. ब्लोअर चालतो मागच्या पीटीओ शाफ्टवर आणि तिथवर पोचणारी ताकद कमीच भरते. म्हणून ‘पीटीओला एचपी किती?’ हे स्पष्ट विचारा. डाऊनी रोगाच्या दिवसांत काळ्या रानात, ओलीतच, भरलेली टाकी ओढत फिरावं लागतं. अशा जमिनीत फोर व्हील ड्राइव्हवर जादा पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची 90 टक्के अनुदानाची मिनी ट्रॅक्टर योजना आहे; चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

ट्रॅक्टर दारात आला की पहिले काही दिवस रिकामी टाकी जोडून ओळींतून फिरवा. बांधाशी वळण एका दमात बसू लागलं की चालवण्यात खरी गोडी येते. मात्र पीटीओ शाफ्टवरचं कव्हर कधीही काढू नका. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे. उपरण्याचं टोक सापडलं, तर सोडवायला वेळच मिळत नाही.