संकरित ज्वारीचें घरचें बीं कां फसतें?

संकरित ज्वारीचें बीं घरीं राखल्यास दुसऱ्या सालीं पीक बिघडतें, यांत बीं विकणारांची कांहींतरी लबाडी असावी, असा आपल्या पुष्कळ शेतकरीबंधूंचा समज आहे. प्रस्तुत लेखकाचाही तसाच होता. महसुली दप्तराची नोकरी संपवून शेतीकडे वळल्यावर पहिल्याच सालीं संकरित ज्वारी उत्तम साधली. पैसा वांचावा म्हणून त्यांतलींच टपोरीं कणसें निवडून बीं राखलें. दुसऱ्या सालीं एक ताट पुरुषभर उंच, तर शेजारचें कमरेइतकें; एक कणीस दाण्यानें भरलेलें, तर दुसरें अजून पोटरींतच! त्या सालीं कडब्यावर समाधान मानावें लागलें.

याचा उलगडा पुढें नातवाच्या शाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं झाला. कांद्याच्या पाकळीचा आंतल्या अंगाचा पातळ पापुद्रा कांचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, कीं यंत्रांत विटांच्या भिंतीसारखी रचना दिसते. त्यांतील एकेक वीट म्हणजे एक पेशी. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या कापांत अशा कोठड्या प्रथम दाखविल्या. पण त्याचें बूच मेलेलें, म्हणून त्या रिकाम्या होत्या. जिवंत कांद्याच्या पेशींत एक गडद ठिपका दिसतो, तें केंद्रक. त्यांत गुणसूत्रें नांवाचे तंतू असतात. ज्वारीच्या पेशींत तीं २०, म्हणजे १० जोड्या. प्रत्येक जोडींतलें एक बापाकडचें, एक आईकडचें. पराग व बीजांड तयार होतांना मात्र जोडी फुटते आणि एकच वांट्यास येतें. कोणतें, हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरतें.

ही वांटणी ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकानें गुणसूत्रें ठाऊक नसतांना ओळखली. ब्रून येथील मठाच्या बागेंत त्यानें गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढींत सारे दाणे गोल. ते पेरून आलेल्या ७३२४ दाण्यांत मात्र ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे सुमारें तीनास एक. सुरकुतीचा गुण नाहींसा झाला नव्हता. वहिवाट एका भावाची असली, तरी दुसऱ्याचा हक्क दप्तरांत कायम असतो, तसाच तो होता. १८६६ सालीं छापलेल्या या निबंधाची खरी दखल जगानें १९०० सालीं घेतली. मेंडेल १८८४ सालींच वारला होता.

आतां ज्वारीकडे वळूं. संकरित बियांत दोन निराळ्या शुद्ध वाणांचीं गुणसूत्रें जोडीला बसलेलीं असतात. म्हणून सारें शेत एकसारखें आणि जोमदार. त्याच पिकाचे दाणे पेरले, कीं उंची, पक्वता, कणसाची घडण या प्रत्येकाची वांटणी वेगळी होते. शिवाय भिन्न जोड्यांपैकीं सुमारें निम्म्या दर पिढीस एकसारख्या होत जातात, त्यामुळें जोमही उतरतो. टपोरें कणीस निवडून उपयोग नाहीं. कारण डोळ्यांस दिसतो तो वहिवाटदार, हक्कदार आंत दडलेला.

मालदांडीची गोष्ट निराळी. तो सरळ वाण. त्याच्या जोड्या बहुतेक सारख्या, आणि ज्वारीचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. गहूं व हरभरा यांचेंही तसेंच. अशा वाणांचें बीं परक्या वाणाचीं ताटें आधींच उपटून काढून व शेताच्या मधल्या भागांतून घेऊन राखावें. बाजरीचें तसें नाहीं. तिचा पराग वाऱ्यावर शेजारच्या शेतांतूनही येतो.

आमच्या घरीं आतां रब्बीचें बीं कणगींतून निघतें, आणि खरिपाची संकरित पिशवी दर सालीं दुकानांतून येते.