तारीख नसलेला दिवस

दिनविशेष दिसला की वाचायचाच, ही माझी जुनी खोड; आणि वाचताना नजर आधी आपला मुलूख शोधते. सातारा जिल्हा निराश करत नाही. 12 जानेवारी 1708, शाहूंचा राज्याभिषेक. 8 सप्टेंबर 1857, गेंडामाळावर 17 जणांना मृत्युदंड. 9 सप्टेंबर 1942, वडूजच्या मोर्चावरचा गोळीबार. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. कोरेगाव हे नाव मात्र फक्त 1 जानेवारीला भेटते, आणि ते भीमाकाठचे, पुणे जिल्ह्यातले. 1818 ची लढाई तिथली, 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जयस्तंभाला मानवंदना दिली तीही तिथेच. साताऱ्याच्या कोरेगावाला स्वतःची तारीख नाही.

तरी बाबासाहेबांच्या हातचे एक ‘कोरेगाव’ आहे, आणि ते याच जिल्ह्यातले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या इंग्रजी आत्मकथनातला पहिला प्रसंग घडतो तो कोरेगावच्या प्रवासात. हे लेखन 1935-36 च्या सुमाराचे. पुस्तिकारूपाने ते छापले गेले 1990 मध्ये. वडील रामजी सुभेदार तेव्हा रोखपाल होते. दुष्काळात माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता. त्या कामावर त्यांची नेमणूक होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून पोरे टांग्याने दहा मैलांवरच्या स्टेशनवर गेली आणि गाडीने मसूरला उतरली.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. मसूरला न्यायला कोणी आले नव्हते. चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरचा चेहरा, मुले महार आहेत हे कळताच बदलला. एकही गाडीवान मिळेना. शेवटी तोड निघाली ती अशी, की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. जवळ डबा होता, पण पाणी मिळेना. मध्यरात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले, तरी मिळाले नाही. आणि मुळात वडील का आले नाहीत? पत्र नोकराच्या हाती पडले होते, त्याने ते त्यांना दिलेच नव्हते.

मला अडवते ते गावाचे नाव. कोरेगाव साताऱ्याहून वीसेक किलोमीटर. तिथे जायला कोणी मसूर गाठत नाही, आणि मसूरहून रात्रभर बैलगाडीत तर मुळीच बसत नाही. रेल्वेचा मार्ग बघा: कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मग मसूर. म्हणजे पोरांची गाडी कोरेगाव मागे टाकून पुढे गेली होती! शिवाय बाबासाहेब स्वतःच ‘खटाव तालुक्यातले’ म्हणतात. कोरेगाव तर स्वतःच तालुक्याचे ठिकाण. खटावात गोरेगाव आहे आणि मराठी चरित्रकारांनी बहुधा तेच नाव धरले आहे. माझा कौलही गोरेगावलाच. कोरेगावकरांना वाईट वाटेल, पण नकाशापुढे अभिमानाचे काही चालत नाही.

दुसरा गुंता सालाचा. ‘1901 च्या सुमारास’ असे ते लिहितात आणि तेव्हा आपण नऊ वर्षांचे होतो असेही सांगतात. जन्म 14 एप्रिल 1891 चा. म्हणजे 14 एप्रिल 1901 ला दहा वर्षे पुरी झाली. त्या वर्षीची मे महिन्याची सुट्टी धरली तर ‘नऊ’ जमत नाही. ‘नऊ’ काटेकोर धरले तर 1900 चा उन्हाळा येतो, आणि तो दुष्काळाच्या ऐन भरातला. मी 1900 कडे झुकतो. पण वय सांगताना आपल्याकडे वर्ष इकडेतिकडे होतेच, तेव्हा 1901 मोडीत काढायचे धाडस करणार नाही.

गंमत अशी, की तास त्यांना पक्के आठवतात. मसूरला गाडी आली संध्याकाळी पाचला, नाक्यावर पोचले मध्यरात्री, मुक्कामी लागले दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. पस्तीसेक वर्षांनी लिहिताना माणसाला तहान घड्याळासकट आठवते, तारीख नाही. तारखा कचेऱ्या सांभाळतात. साताऱ्याच्या हायस्कुलाच्या (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) रजिस्टरात 1914 क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे, प्रवेश 7 नोव्हेंबर 1900. त्या नोंदीच्या बळावर राज्य सरकारने 2017 मध्ये 7 नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरवला. योग्यच केले. पण मसूरच्या स्टेशनमास्तरने त्या संध्याकाळची नोंद कशाला ठेवली असेल?

शोध घ्यायचाच तर वाट एकच दिसते, आणि ती पोरांच्या नव्हे, बापाच्या नोकरीतून जाते. रामजी सुभेदार तलावाच्या कामावर कधी रुजू झाले आणि कधी मोकळे झाले, एवढे दुष्काळी कामांच्या दप्तरातून हाती आले, तर दोन उन्हाळ्यांपैकी एक आपोआप गळेल. गावाच्या नावाचा वादही त्याच कागदावर मिटेल.