पाणी किती घालावे? : तीव्र द्रावण सौम्य करण्याचे गणित

काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी जलौकावचारणानंतर रुग्णाच्या पायाखालच्या फरशीवर बरेच रक्त सांडले होते. आमच्या चिकित्सालयातील मावशी ते पुसण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण करीत होत्या. मी सहज विचारले, "मावशी, पाणी किती घातलंत?" त्या म्हणाल्या, "बाटलीवर पाच टक्के लिहिलंय, आपल्याला एक टक्का लागतो. म्हणून पाचपट घातलं, डॉक्टर." उत्तर इतके ठाम होते की मीही क्षणभर मान डोलावली. नंतर कागदावर मांडून पाहिले, तेव्हा चूक ध्यानात आली. लाजिरवाणी गोष्ट अशी, की ही पद्धत त्यांना मीच शिकवली होती.

पाचपट करावयाचे असते ते एकूण द्रावण; पाणी चौपटच पुरते. २०० मि.ली. मूळ द्रावणात ८०० मि.ली. पाणी घातले म्हणजे १ लिटर, १ टक्का द्रावण होते. पाणी १००० मि.ली. घातल्यास एकूण १२०० मि.ली. होऊन तीव्रता सुमारे ०.८३ टक्क्यावर उतरते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. जळवा, सिरावेध आणि क्षारसूत्र यांचे काम नित्य करणाऱ्या वैद्याने ही घट किरकोळ समजू नये.

या साऱ्या गणिताचा पाया एकच आहे. पाणी घातल्याने मूळ द्रव्य कमी होत नाही, ते केवळ अधिक जागेत पसरते. म्हणून मूळ तीव्रता गुणिले मूळ आकारमान हा गुणाकार अपेक्षित तीव्रता गुणिले अंतिम आकारमान या गुणाकाराइतकाच राहतो. अपेक्षित तीव्रतेला अंतिम आकारमानाने गुणून मूळ तीव्रतेने भागावे, म्हणजे मूळ द्रावण किती घ्यावयाचे ते मिळते, उरलेले पाणी. 'एकास पाच' हा शब्दप्रयोग मात्र टाळावा. त्यातून कोणी पाच भाग पाणी समजतो, कोणी एकूण पाच भाग. मि.ली.मध्येच लिहावे.

हाच घोटाळा औषधनिर्माणात अधिक महाग पडतो. शार्ङ्गधराच्या मानाने १ भाग भरड द्रव्यास १६ भाग पाणी घालून अष्टमांश उरवला, तर ४८ ग्रॅम द्रव्याचा सुमारे ९६ मि.ली. क्वाथ होतो. तोच पुढे आटवून ३२ मि.ली. केला, की तो तिप्पट तीव्र होतो. तो पूर्ववत करण्यास लागणारे पाणी ६४ मि.ली., म्हणजे दुप्पट, तिप्पट नव्हे. निर्मात्याने तिप्पट पाणी घालून बाटल्या भरल्या, तर ४० मि.ली. घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात ३० मि.ली.चेच औषध जाते, आणि गुण आला नाही की दोष योगाला लागतो. अर्थात, आटवताना उडून गेलेले सुगंधी अंश पाणी घातल्याने परत येत नाहीत. वेलची, दालचिनी यांसारखी द्रव्ये असलेल्या क्वाथांचे असे संहतीकरण मला स्वतःला फारसे मान्य नाही.

स्पिरिटच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. ९५ टक्के स्पिरिटपासून ७० टक्क्यांचे १ लिटर करावयाचे असल्यास ७३७ मि.ली. स्पिरिट घ्यावे, हे वरील सूत्रानेच निघते. परंतु 'उरलेले २६३ मि.ली. पाणी' असे मोजून घातले, तर मिश्रण लिटरच्या खुणेपर्यंत पोहोचत नाही. मद्यार्क आणि पाणी एकत्र येताना त्यांचे आकारमान आक्रसते, आणि प्रत्यक्षात सुमारे २५ मि.ली. पाणी अधिक लागते. मिश्रण गरमही होते. म्हणून मोजपात्रात स्पिरिट घेऊन थोडे पाणी कमी ठेवावे, निवू द्यावे आणि मग खुणेपर्यंत भरावे. (जळू लावावयाच्या जागी मात्र हे स्पिरिट लावू नये, त्या वासाला ती तोंडच लावत नाही.)

आता पुन्हा हायपोक्लोराइटकडे वळू. बाजारात ४, ५ व १० टक्क्यांचे द्रावण मिळते. लिटरभर १ टक्का द्रावणास ते अनुक्रमे २५०, २०० व १०० मि.ली. लागते. मूळ द्रावण उन्हाने, उष्णतेने व नुसत्या काळानेही क्षीण होते, त्यामुळे जुन्या कॅनवरील आकडा खरा मानून केलेले अचूक गणितही फसते. कॅन सावलीत ठेवावा, निर्मितीची तारीख पाहावी, सौम्य द्रावण रोजच्या रोज करावे. त्यात आम्लयुक्त स्वच्छताद्रव कदापि मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. एषणीसारखी धातूची उपकरणे त्यात फार वेळ ठेवल्यास गंजतात.

आम्ही पारदर्शक बरणीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने दोन रेषा ओढल्या. खालची २०० मि.ली.ची, वरची १ लिटरची. खालच्या रेषेपर्यंत औषध, वरच्या रेषेपर्यंत पाणी. 'पट' हा शब्दच बाद झाला. गेल्या महिन्यात पुरवठादाराने १० टक्क्यांचा कॅन पाठवला. मावशी तो उघडण्याआधीच माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता खालची रेघ बदलायला लागेल ना?" त्याच दिवशी ती रेघ १०० वर आणली.