अंकाकडून नावाकडे : ज्यू बालकांचे स्मरण आणि विद्यार्थ्यांची हस्तकला

नाझी जर्मनीने व तिच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लक्ष ज्यूंचा संहार केला. त्यांपैकी सुमारे १५ लक्ष बालके होती. एवढी संख्या बुद्धीला कळते. परंतु कल्पनेच्या कवेत येत नाही. अर्धशतकानंतर जन्मलेल्या विद्यार्थ्याला तिचा अर्थ कसा उमगावा, हा इतिहासशिक्षणापुढील बिकट प्रश्न होय. काही शाळांनी त्याचे उत्तर हस्तव्यवसायात शोधले आहे.

असे प्रयत्न दोन प्रकारचे आढळतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात व्हिटवेल येथील शाळेने १९९८ मध्ये पेपरक्लिपा गोळा करण्यास आरंभ केला. एक क्लिप म्हणजे एक बळी. पुढे त्यांतील १ कोटी १० लक्ष क्लिपा एका जुन्या जर्मन रेल्वेडब्यात ठेवण्यात आल्या. येथे संख्येचे आकारमान डोळ्यांना दिसते. मात्र एक क्लिप दुसरीहून निराळी नसते. सॅन दिएगो येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘बटरफ्लाय प्रोजेक्ट’चा मार्ग वेगळा आहे. तेथे विद्यार्थी मातीचे फुलपाखरू रंगवितो. ते भट्टीत भाजून भिंतीवर बसविले जाते. त्याबरोबर एका बालकाची अल्प माहिती असलेले पत्रक त्याच्या हाती दिलेले असते. उद्दिष्ट १५ लक्ष फुलपाखरांचे असले, तरी प्रत्येकाच्या हातून घडते ते एकच.

फुलपाखराचे हे प्रतीक पावेल फ्रीडमन याने तेरेझीनच्या बंदिवासात जून १९४२ मध्ये लिहिलेल्या कवितेवरून आले. तो बालक होता, असा समज अनेकदा दिसतो; वस्तुतः त्या वेळी तो २१ वर्षांचा होता. १९४४ मध्ये आउश्विट्झ येथे त्याचा अंत झाला.

तथापि या हस्तकलेचे खरे पूर्वरूप तेरेझीनमधील मुलांच्या चित्रांतच पाहावयास मिळते. बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना डिसेंबर १९४२ मध्ये तेथे पाठविण्यात आले. त्यांनी तेथील मुलांना चित्रकला शिकविली. रंग व कागद यांची चणचण असल्याने कचेरीतील वापरलेल्या कागदांचे तुकडे चिकटवूनही चित्रे केली गेली. अनेक चित्रांवर मुलांची नावे आहेत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांचीही आउश्विट्झला रवानगी होऊन तेथे हत्या झाली. परंतु दोन पेट्यांत लपवून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ज्या व्यवस्थेने माणसाला वाहतुकीच्या यादीतील क्रमांक केले, तिच्याच कुंपणाआड हे नाव लिहिणे घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यावरून अशा उपक्रमांची कसोटी ठरविता येते. वस्तू घडविण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ विद्यार्थ्याचे चित्त एका नावावर स्थिरावते. हेच हस्तकलेचे बळ होय. परंतु पत्रक न वाचता केवळ रंगकाम केले, तर उरते ती भिंतीची शोभा. तद्वतच मृत बालकाची वेदना आपण अनुभवली, असा भास निर्माण करणेही सत्याला धरून होणार नाही. ते मूल कोठे राहत होते, त्याला कोणी व कसे नेले, हे इतिहासानेच सांगावयाचे असते. हाताने केलेले काम त्या वाचनाची जागा घेऊ शकत नाही. ते वाचन मनात टिकवून धरते, एवढेच त्याचे कार्य, आणि ते लहान नव्हे.