दत्तक कोण कोणास घेतें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या जुन्या वाड्यांत एक पाहुणी नऊ आठवडे राहून गेली. वय अवघें वीस महिन्यांचें. सामान म्हणजे दोन झबलीं, एक रबरी बदक व वैद्यकीय तपासणीचा एक कागद. आमच्या एकत्र कुटुंबांत माणसें अकरा. परंतु त्या नऊ आठवड्यांत आम्हां अकराजणांचे दिवस त्या एका जिवाच्या झोपेवर व जेवणावर चालले. त्या अवधींत आम्हांस जें कळलें तें कळावयास फार उशीर झाला होता. निदान इतर कुटुंबांस तें वेळेवर कळावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमच्या वडील भगिनीचे चिरंजीव अमेरिकेंत स्थायिक झाले असून तेथील नागरिक आहेत. त्यांच्या पत्नी मराठी आईबापांच्याच कन्या, पण तिकडेच जन्मलेल्या व वाढलेल्या. मराठी समजतें, बोलतांना मात्र अडखळतात. लग्नास अकरा वर्षें होऊनहि अपत्य नव्हतें, म्हणून त्यांनीं ह्या जिल्ह्यांतील एका संस्थेंतून मुलगी दत्तक घेण्याचें ठरविलें. अर्ज व चौकश्या यांत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. अखेर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचें 'ना हरकत' पत्र आलें व उभयतां येथें दाखल झालीं. हें पत्र हातीं आल्यावर अंतिम आदेश होईपर्यंत मूल तात्पुरतें आपल्यापाशीं ठेवण्याची मुभा नियमांत आहे. परंतु त्याला घेऊन देशाबाहेर जातां येत नाहीं. आदेश, नवा जन्मदाखला, पारपत्र, हेग कराराप्रमाणें लागणारें अनुरूपतेचें प्रमाणपत्र आणि शेवटीं दिल्लीस अमेरिकन वकिलातीचा व्हिसा, इतक्या पायऱ्या चढल्यावांचून सुटका नाहीं. तोंवर राहावयाचें कोठें? अर्थात् मामाच्या घरीं.

तीन आठवड्यांनीं भाच्यांची रजा संपली व ते परत गेले. मागें राहिल्या सूनबाई व ती मुलगी. आम्हांस हें आपलें गांव. सूनबाईंस मात्र नाशिक हा परदेशच होता. घर सातासमुद्रांपलीकडे, पति तिकडे, आणि कडेवर एक मूल, कीं जें अजून कायद्यानें त्यांचें नव्हतें व मनानेंहि नव्हतें.

इतके कागद कशाला, असें प्रथम आम्हींहि म्हटलें. नंतर चौकशी केल्यावर कळलें तें असें. पूर्वीं परकीय दांपत्यास येथें दत्तक घेतां येईल असा कायदाच नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वयें केवळ पालकत्व मिळवून मूल नेलें जाई व दत्तकविधान त्यांच्या देशांत होई. ह्या व्यवहारांत गैरप्रकार शिरले. लक्ष्मीकांत पांडे नांवाच्या वकिलांनीं ते एका पत्रानें सर्वोच्च न्यायालयास कळविले. न्यायालयानें त्या पत्रासच अर्ज मानलें, व १९८४ च्या फेब्रुवारींत न्यायमूर्ति भगवती यांनीं निकाल देऊन परदेशीं जाणाऱ्या मुलांच्या रक्षणाचे नियम घालून दिले. पुढें १९९३ सालीं हेग येथें राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला. भारतानें तो २००३ सालीं स्वीकारला. सध्यांचा बालन्यायाचा कायदा २०१५ चा आहे. त्यांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे देण्यांत आला, व दोन महिन्यांत प्रकरण निकालीं काढावें असें कलम आहे. म्हणजे ह्या कागदांच्या मागें मुलांची झालेली फसवणूक उभी आहे. ती पुन्हा होऊं नये म्हणून हा विलंब.

ह्या नियमांतील एक तत्त्व आमच्या मनाला फार लागलें. मूल प्रथम देशांतल्या कुटुंबास मिळावें, व तसें कुटुंब न मिळाल्यासच त्यानें बाहेर जावें, असें तें तत्त्व आहे. ह्या मुलीचें डावें पाऊल जन्मतः आंत वळलेलें आहे. उपचारानें तें बरेंच सुधारलें आहे. तरी तेवढ्या कारणानें आपल्याकडील कोणीं तिला घेतलें नव्हतें.

आतां त्या मुलीविषयीं. पहिले कांहीं दिवस ती रात्रीं मुळींच रडत नसे. अंधारांत डोळे उघडे ठेवून निपचित पडून राही. घरांतील मंडळी कौतुकानें म्हणूं लागलीं, "किती शहाणी पोर!" सूनबाईंचा चेहरा मात्र उतरलेला असे. संस्थेंतील समाजसेविका बाईंनीं त्यांस त्याचें कारण सांगितलें होतें. एका दालनांत पुष्कळ मुलें व सांभाळणाऱ्या बाया थोड्या. रडून कोणी येत नाहीं असा अनुभव आला म्हणजे मूल रडणेंच सोडून देतें. ज्याला आपण शहाणपण म्हणत होतों ती निराशा होती! ती प्रत्येक स्त्रीस 'मावशी' म्हणे, कोणाच्याहि कडेवर जाई, आणि कोणाचीच नसे. आम्हां पुरुषांस पाहून मात्र दाराआड लपे. तिच्या उशीखालीं रोज पोळीचा एक तुकडा सांपडे.

आपल्याकडे दत्तकाचा विचार आजवर घराच्या बाजूनेंच झाला. आमच्याच जिल्ह्यांतलें प्रसिद्ध उदाहरण पाहा. मालेगांव तालुक्यांतील कवळाणें गांवचा गोपाळराव गायकवाड हा बारा वर्षांचा मुलगा १८७५ च्या मे महिन्यांत बडोद्यास महाराणी जमनाबाईंस दत्तक गेला व सयाजीराव महाराज झाला. अक्षरओळख नसलेल्या त्या मुलानें पुढें केवढें नांव मिळविलें हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याला शोधलें गेलें तें गादीस वारस हवा होता म्हणून. गादी नसेल तेथें पिंडाला अधिकारी हवा, वाड्याला धनी हवा. ह्या मुलाला आईबाप हवे आहेत, येथून विचारास आरंभ करावा हें कोणाच्या मनांत येत नसे.

येथें आम्हांस आमचाच एक अपराध सांगावयाचा आहे. आम्ही तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. शाकुंतलाचा चौथा अंक शिकवितांना, पक्ष्यांनीं राखलेल्या व आपण वाढविलेल्या त्या मुलीस सासरीं धाडतांना कण्वांचा कंठ दाटतो, तेथें आमचाहि दाटत असे. पंचवटींत सीतागुंफेच्या दाराशीं यात्रेकरूंची रांग आम्ही जन्मभर पाहत आलों. ती सीता जनकास नांगराच्या तासांत सांपडली हें कोणास ठाऊक नाहीं? घारपुरे घाटाकडील आधाराश्रमावरून तर आमचें कितीदां तरी जाणें-येणें होई. असें असून १९९० सालीं आमच्या धाकट्या बंधूंनीं, "दादा, आश्रमांतलें मूल घ्यावें असें आम्हां दोघांच्या मनांत आहे, शास्त्राला चालेल का?" असें विचारलें, तेव्हां आम्हीं काय सांगितलें? आम्हीं म्हटलें, "मूल देण्याचा अधिकार आईबापांचा. अनाथास देणारा कोण? देणारा नाहीं तेथें दान नाहीं, व दान नाहीं तेथें दत्तक नाहीं. शिवाय अज्ञातकुलशील मूल देवघरांत कसें चालावें?"

बंधूंनीं पुन्हा तो विषय काढला नाहीं. १९५६ च्या कायद्यानें मुलगीहि दत्तक घेतां येऊं लागली, अनाथ मूल न्यायालयाच्या परवानगीनें पालकाच्या हातून घेतां येऊं लागलें, आणि दत्तहोमहि आवश्यक उरला नाहीं. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ज्या परंपरेचें नांव आम्हीं पुढें केलें, तिच्यांतच नीळकंठभट्टांचा व्यवहारमयूख आहे; पतीची अनुज्ञा नसतांहि विधवेस दत्तक घेण्याची मोकळीक महाराष्ट्रांत त्याच्याच आधारें चालत आली. शास्त्रकारांनीं वाट ठेवली होती. ती आम्हीं अडविली, कारण पोथीचा आधार आमच्या भीतीस सोयीचा होता. बंधु सात वर्षांपूर्वीं निवर्तले. त्यांच्या पत्नी, ज्यांस घरांत सर्वजण काकू म्हणतात, आमच्याच वाड्यांत असतात.

आणि ह्या नऊ आठवड्यांत सूनबाईंच्या पाठीशीं कोण उभें राहिलें असेल, तर त्या काकूच. खोलींतला दिवा रात्रभर ठेवावा, कारण पोरीस उजेडांत निजण्याची संवय आहे, हें त्यांनींच ओळखलें. भरवणें, न्हाऊं घालणें, निजविणें हें सूनबाईंनींच करावें, इतरांनीं पोरीस उचलूं नये, असा दंडकहि त्यांनींच घातला. स्वतः त्या दारांत बसून फक्त सांगत. सूनबाई त्यांच्यापासून 'भुर्र', 'मंमं', 'गाई गाई' हे शब्द शिकल्या. मायलेकी एकाच वेळीं एकच भाषा शिकत होत्या!

एके दिवशीं न राहवून आम्ही काकूंस म्हणालों, "त्या वेळीं आमची चूक झाली." काकू पेज ढवळीत होत्या. त्या वर न पाहतां म्हणाल्या, "भावोजी, पेज ऊन आहे. जरा ती वाटी धरा." आम्हीं वाटी धरली. त्यापेक्षां अधिक मागण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

पांचव्या आठवड्यांत एका रात्रीं सारा वाडा जागा झाला. मुलगी रडत होती; टाहो फोडून रडत होती. आम्ही धावत माडीवर गेलों, तों सूनबाई तिला छातीशीं धरून दारांत उभ्या होत्या, व त्यांच्याहि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, ती रडली. मी येणार, हें तिला कळलें." दुसऱ्या दिवसापासून ती कोणाच्याहि कडेवर जाईनाशी झाली, परकें कोणी दिसलें कीं आईचा पदर शोधूं लागली.

जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश त्यानंतर बारा दिवसांनीं झाला. आमच्या मतें विधान त्या रात्रींच झालें होतें, आणि दत्तक घेणारी ती मुलगी होती. आईबाप मूल घेतात तें सहीनिशीं व एका दिवसांत. मूल आईबापांस घेतें त्याला दिवस लागतात, व ते दिवस कोणासहि कमी करतां येत नाहींत. कागदांनीं अडवून ठेवलें म्हणून सूनबाईंस ते लाभले.

आपल्या कुटुंबांतून हा प्रश्न उद्यां कोणी विचारील, तर वडील मंडळींनीं निषेधाचें वचन शोधण्यास प्रथम पोथी उघडूं नये, एवढीच आमची विनंति आहे. मूल घरीं आल्यावर त्याचें कूळ विचारूं नये, पाहुण्यांची गर्दी करूं नये, आणि आईस त्याच्याजवळ स्वस्थ बसूं द्यावें. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग तेथें आहे.

निघण्याच्या दिवशीं काकूंनीं पोळीचा एक तुकडा फडक्यांत बांधून सूनबाईंच्या पिशवींत ठेवला. सूनबाई म्हणाल्या, "काकू, आतां ती लपवीत नाहीं." काकू म्हणाल्या, "असूं दे. लांबचा प्रवास आहे."