जंतूपासून फुरशापर्यंत: परळची हाफकिन संस्था

प्लेगचा जंतू वाढवायला मुंबईत तूप वापरलं गेलं. 1896 च्या अखेरीस ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी चंबूंमध्ये मांसाचं गाळलेलं पाणी भरलं, त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले आणि जंतू पेरले. चंबू हलू दिला नाही की थेंबांच्या खालच्या बाजूने वाढ सुरू होई आणि काही दिवसांत पांढरट, मऊ, लोंबत्या लडी पाण्यात उतरत. जराशा धक्क्याने त्या तुटून तळाशी बसत. मग चंबू मुद्दाम हलवून तयार पीक खाली पाडायचं आणि तुपाखाली नवं येऊ द्यायचं, असं पाच-सहा आठवडे चाले. शेवटी तो द्रव 65 ते 70 अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, त्यात कार्बोलिक ॲसिड घालायचं, की लस तयार. गोमांस किंवा डुकराचं मांस म्हणून कुणी लस नाकारू नये यासाठी हे पाणी बकऱ्याच्या मांसापासून करण्याची पद्धतही हाफकिन यांनी बसवली.

या कामातूनच परळची हाफकिन संस्था उभी राहिली. तिचा सव्वाशे वर्षांचा इतिहास लसींचा म्हणून सांगितला जातो, पण तिचं खरं बळ लसीच्या आधीच्या पायरीत आहे. जो जीव माणसाला मारतो तो कसा जगतो, कुठे वाढतो, कुणाच्या अंगावर बसून येतो, हे इथे आधी पाहिलं गेलं. उपाय त्यानंतर सापडले.

हाफकिन 1860 मध्ये ओडेसात जन्मलेले ज्यू प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि सरकारने हाफकिन यांना मुंबईत धाडलं. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी नवी लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. टोचून घेतलेल्यांमध्ये रोग कमी दिसला. लसीने ताप येई, दंड दुखे आणि तिचं संरक्षण पूर्ण नव्हतं, तरी जीव वाचत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग अधिकाऱ्यांची घरझडती, सक्तीचं विलगीकरण आणि जूनमधला पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याचा वध हे सगळं याच काळातलं. ज्या उपायात घर उचकटलं जात नव्हतं, असा एक उपाय या प्रयोगशाळेतून येत होता.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ज्या दालनांत दरबार आणि मेजवान्या होत, तिथे चंबूंच्या रांगा लागल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत लसीच्या 2 कोटींहून अधिक मात्रा मुंबईतून बाहेर गेल्या.

पण माणसाला प्लेग होतो कसा, हे लस निघाली तरी कळलेलं नव्हतं. हवा, घाण, जमीन, धान्य, सगळ्यांवर संशय होता. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवांकडे बोट दाखवलं, तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी तो धागा उचलला. उंदीर मरून पडलेल्या एका चाळीत लोकांना पिसवांनी हैराण केलं होतं. तिथे माणसांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांमध्ये पुष्कळशा उंदरावरच्या जातीच्या निघाल्या. यजमान मेला, अंग थंड पडलं, की भुकेल्या पिसवा मिळेल त्या ऊबदार जिवाकडे वळतात.

1905 पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला मुक्काम ठोकून हे पडताळून पाहिलं. त्यातला एक प्रयोग शाळेतल्या मुलालाही समजेल असा आहे. संसर्ग झालेल्या पिसवा असलेल्या खोलीत एक गिनिपिग जमिनीवर ठेवला, दुसऱ्याचा पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, तिसऱ्याचा दोन फुटांवर. खालच्या दोघांना प्लेग झाला, वरचा वाचला. हवा तिघांनाही सारखीच होती. पिसवेची उडी मात्र दोन फुटांपर्यंत पोचत नव्हती. शेकडो वर्षांचं कोडं उडीच्या उंचीने सुटलं. 1914 मध्ये लंडनच्या बॅकट आणि मार्टिन यांनी पुढची कडी जोडली: जंतू पिसवेच्या अन्नमार्गात वाढून तो तुंबवतात, उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि जंतूंसकट रक्त चावलेल्या जागी ओकते.

याच काळात हाफकिन यांच्या वाट्याला मोठा अन्याय आला. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचं पद गेलं. बाटली उघडताना हातातून पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचं पुराव्यातून पुढे आलं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर 1907 मध्ये ते दोषमुक्त ठरले. मुंबईची ही जागा त्यांना परत मिळाली नाही. 1925 मध्ये संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं, ती उशिराची पण योग्य भरपाई होती.

विसाव्या शतकात इथलं काम जंतूंपुरतं राहिलं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषांवरचं प्रतिविष इथे तयार होऊ लागलं. कोकणात जांभ्या दगडांच्या कपारीत राहणारं फुरसं वीतभर-हातभर लांबीचं असतं. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. त्याचं विष रक्त गोठू देत नाही. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा कळतही नाही, आणि पहाटे पापण्या उचलत नाहीत, श्वास अडकतो. विषं अशी वेगवेगळी वागतात म्हणून चारही विषांची अल्प मात्रा घोड्यांना टप्प्याटप्प्याने वाढवत टोचायची, त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होऊ द्यायची आणि रक्तद्रवातून ती वेगळी काढायची, ही पद्धत आहे. घोडा निरोगी आणि विष अस्सल हवं. सापांबरोबर विंचूही आले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य वेचलं. त्या विंचवाच्या विषावरचं औषधही हाफकिनमध्ये बनतं.

1975 मध्ये लसनिर्मितीसाठी वेगळं महामंडळ झालं आणि संशोधन संस्थेकडे राहिलं. कारभाराच्या दृष्टीने त्यात सोय असेल. तरी जीव अभ्यासणारे आणि औषध बनवणारे यांच्यात रोजची देवाणघेवाण हवी, असं या संस्थेचा इतिहासच सांगतो. प्रतिविष चांगलं निघतं ते साप ओळखणाऱ्या माणसामुळे.

1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगची साथ नोंदली गेली. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपाने मराठवाड्यात लोक घरं सोडून पत्र्याच्या निवाऱ्यात गेले, पडक्या घरांत धान्य राहिलं, उंदीर वाढले, असं कारण तज्ज्ञांनी मांडलं. धान्य, उंदीर, पिसू, माणूस ही साखळी परळच्या संशोधकांनी त्याच्या नव्वद वर्षं आधी कडीकडीने जोडून दाखवली होती. मुंबईत दर पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस हाही उंदरांशी बांधलेला रोग आहे. म्हणून उंदीर, पिसवा, डास, साप यांचा कायमचा अभ्यास ही चैन नव्हे, सार्वजनिक आरोग्याचं ते रोजचं काम आहे. साथ आल्यावर पैसा मिळतोच. साथ नसलेल्या वर्षांत पिंजरे, तबेले आणि सापघरं चालू ठेवायला सरकारने हात आखडता घेऊ नये. हाफकिन यांच्या हाती मुंबईत तीन महिन्यांत लस आली, कारण त्याआधीची कित्येक वर्षं ते सूक्ष्मजीव पाहत आले होते. तेवढी पूर्वतयारी आज आपल्या संस्थांकडे असली पाहिजे, आणि तिचा खर्च समाजाने आनंदाने उचलला पाहिजे.